कोठारातला कब कॅडेट १०२: आधी चालता करा, रंगाचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत दोन एकर जागेसह जुनं घर घेतलं. आधीच्या मालकाने मागच्या कोठारात एक लहान पिवळा ट्रॅक्टर सोडून दिला आहे: इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १०२. बरीच वर्षं बंद, टाकीला आतून गंज, इंजिन हाताने फिरत नाही, रंग उडालेला. प्रश्नकर्ते मूळचे सांगली जिल्ह्यातले. घरच्या शेतात ट्रॅक्टर चालवलाय, पण खोलला कधी नाही. बेत असा की सगळा खोलायचा, सँडब्लास्ट करून रंगवायचा, कोरा करायचा आणि मग त्यावरच गवत कापायचं. सुरुवात कुठून करू, खर्च किती, आणि रोजच्या कामाला तो टिकेल का?

सँडब्लास्टवाल्याला अजून फोन केला नसेल तर करू नका. या छंदात गंजाने जेवढे ट्रॅक्टर वाया जातात त्याहून जास्त अर्धवट खोलून ठेवल्याने जातात. पहिल्या दोन शनिवारी उत्साहात सगळं सुटं होतं, नट-बोल्ट कॉफीच्या डब्यांत जातात, मग थंडी पडते, मुलांच्या शाळा असतात, आणि एक दिवस तेच डबे 'सर्व भाग आहेत' अशा जाहिरातीसह विकायला निघतात. सर्व भाग कधीच नसतात. असे डबे विकत घेणाऱ्यांतला मी, म्हणून खात्रीने सांगतो. माझा क्रम ठरलेला आहे: आधी इंजिन सुरू, मग क्लच आणि गिअर, मग एक हंगाम कामाला जुंपायचा. रंग त्यानंतर, आणि तोही वाटलं तरच.

तुमच्या हाती काय आलंय ते आधी नीट कळू द्या. महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर एक-दोन एकरांची घरं वाढली आणि त्यांना शेतीचा ट्रॅक्टर मोठा, तर गवत कापायचं यंत्र अपुरं पडू लागलं. इंटरनॅशनल हार्वेस्टरने आपल्या फार्मॉल कब या सर्वांत लहान शेती ट्रॅक्टरची मागची गिअरपेटी घेतली, तिच्यापुढे जाड लोखंडी चासी आणि कोलरचं एक सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि १९६१ च्या हंगामासाठी पहिला कब कॅडेट बाजारात आणला. कारखाना केंटकीतल्या लुइव्हिलचा. १९६३ मध्ये जॉन डिअर ११० घेऊन त्याच मैदानात उतरली. व्हील हॉर्स, बोलन्स, सिम्प्लिसिटी तर आधीपासून होतेच. तुमचा १०२ हा १९६५ ते १९६७ मधला, दहा अश्वशक्तीचा. १९८१ मध्ये इंटरनॅशनलने हा विभाग एमटीडी या दुसऱ्या कंपनीला विकला, त्यामुळे आज दुकानात 'कब कॅडेट' नावाने जे मिळतं त्याचा तुमच्या यंत्राशी नावापुरताच संबंध आहे.

इंजिन कोलर के-२४१. होय, तीच विस्कॉन्सिनची कोलर, जिचे महागडे नळ आता पुण्या-मुंबईच्या बाथरूममध्ये दिसतात. ब्लॉक बिडाचा, व्हॉल्व्ह बाजूला, ३९० सीसीच्या आसपास. इंजिनाच्या पत्र्यावर मॉडेल आणि स्पेसिफिकेशन नंबरची पट्टी असते. ती चिंधीने हलकेच पुसा, फोटो काढा, आणि पुढे कधीही तिच्यावर वायर ब्रश चालवू नका. सुटे भाग मागवताना दुकानदार तोच नंबर विचारतो. 'कब कॅडेटचा पिस्टन द्या' म्हटल्याने भलताच पिस्टन येतो.

आता जाम इंजिन. आधी गिअर न्यूट्रलला आहे आणि पुढचा पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद कापायच्या पात्यांना देणारा क्लच, सुटलेला आहे ना ते बघा. ऐकायला बावळट वाटेल, पण 'जाम' म्हणून आलेल्या काही इंजिनांत खरा दोष एवढाच असतो. तसं नसेल तर प्लग काढा आणि त्या भोकातून अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल निम्मं-निम्मं मिसळून ओता. अॅसिटोन भडकतो, त्यामुळे हे काम दार उघडं ठेवून, हीटर बंद करून. आठवडाभर मुरू द्या, रोज थोडं टाका आणि फ्लायव्हील दोन्ही हातांनी मागे-पुढे नुसतं हेलकावून बघा. केसभर हललं तरी जिंकलात. बॅटरी जोडून सेल्फ मारू नका, आणि शेजाऱ्याच्या पिकअपने ओढत नेऊन गिअर तर मुळीच टाकू नका. या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड अॅल्युमिनियमचा आहे. पिस्टन चिकटलेला असताना जोर लावला की रॉड तुटतो आणि कधी ब्लॉकची भिंत फोडूनच बाहेर येतो.

आठवड्याने काहीच हललं नाही तर हेड काढा. व्हॉल्व्ह बाजूला असलेल्या इंजिनाचं हेड म्हणजे वारा लागण्यासाठी पट्ट्या काढलेलं नुसतं झाकण. बोल्ट सुटले की हातात येतं. बोल्ट कुरकुरला तर थांबा, पुन्हा तेल सोडा, गॅसच्या टॉर्चने आजूबाजूचं बीड गरम करा आणि मग पाना लावा. हेड निघालं की आत काय चिकटलंय ते डोळ्यांना दिसतं. पुष्कळदा पिस्टन मोकळाच असतो आणि उघडा राहिलेला एक व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिच्यात, गंजून बसलेला असतो. पिस्टनच चिकटला असेल तर तो मधल्या कुठल्यातरी जागी असायला हवा. तेव्हा लाकडाचा ठोकळा ठेवून खालच्या दिशेने हलके ठोके मारता येतात. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर ठोकून उपयोग शून्य, सगळा मार सरळ रॉडला आणि क्रँकला बसतो.

मोकळं झाल्यावर बोअरमधून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, बोट फिरवा. नुसता डाग असेल तर होनिंग (भिंत दगडाने हलकी घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात. नखाला कड लागत असेल तर बोअर मोठा करून पुढच्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. या इंजिनांना दहा, वीस, तीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जास्तीचे पिस्टन मिळतात. हेड परत बसवताना गॅस्केट नवंच. आणि हेडचा तळ काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासून सपाट आहे का बघा. कुठे चमक येते, कुठे नाही, यावरून वाक लगेच कळतो. बोल्ट टप्प्याटप्प्याने २५ ते ३० फूट-पाउंडापर्यंत, टॉर्क पान्यानेच.

हेड काढावं लागलं नाही तरी इंजिनावरचं पत्र्याचं कवच मात्र काढाच. कोठारात पडलेल्या ट्रॅक्टरच्या या कवचाखाली उंदराचं घर असतंच, असं समजून चाला. फ्लायव्हीलचे पंखे तिथून वारा ओढून सिलिंडरवर सोडतात. वाळलं गवत, चिंध्या, अक्रोडाची टरफलं यांनी ती वाट बुजली असेल तर इंजिन झकास सुरू होईल आणि एका गरम दुपारी तापून धरेल. हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून काढा, उंदराच्या लेंड्या वाऱ्याने उडवू नका.

इंजिन सुरू करण्याआधीच ऑइल बदला. जुनं ऑइल काठीवर खुणेच्या वर असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोट नीडल गळते आहे, म्हणजे पुढचं एक काम आधीच कळलं. नवं ऑइल एसएई ३०, साधारण दोन क्वार्ट. इथे एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: या इंजिनाला ऑइल पंप नाही. रॉडच्या तळाशी एक जिभळी असते, ती ऑइलात बुडते आणि शिंतोडे उडवते, तेवढंच वंगण. पातळी खाली गेली की जिभळी कोरडी फिरते आणि पुढे काय होतं ते वर सांगितलंच आहे. दर वेळी सुरू करण्याआधी, सपाट जमिनीवर, काठी बघायची.

मग ठिणगी. राजदूत किंवा येझदी चालवलेल्या पिढीला पॉइंट, म्हणजे वीज तोडून ठिणगी पाडणारी ती उघडझाप करणारी टोकं, काय ते सांगायला नको. इथे ते इंजिनाच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली असतात आणि कॅमवर चालणारी एक बारीक दांडी त्यांना उघडते. वर्षानुवर्षं बंद राहिल्यावर त्यांच्या टोकांवर राखाडी साय धरते आणि ठिणगी मरते. नवे पॉइंट स्वस्त आहेत, पण आधी जुनेच घासून बघा: बारीक फाइलचे दोन-तीन हात, मग कोरा जाड कागद टोकांमध्ये धरून ओढायचा, कागदावर काळी रेघ येणं थांबेपर्यंत. फ्लायव्हील फिरवून पॉइंट पूर्ण उघडल्या जागी आणा आणि फिलर गेजने फट वीस थाऊ ठेवा. पाती ओढताना तेलकट बोटांतून सुरी जाईल एवढीच अडकायला हवी. प्लगची फट ३५ थाऊ. नंतर फ्लायव्हीलवरची 'एस' खूण टायमिंग लाइटने तपासलीत तर उत्तमच, पण पहिल्यांदा सुरू व्हायला एवढं पुरतं. पॉइंटांच्या जोडीच्या कंडेन्सरबद्दल माझा पूर्वग्रह आहे: हल्ली मिळणारे स्वस्त कंडेन्सर पाकिटातूनच खराब निघतात. जुना चालत असेल तर उगाच बदलू नका, आणि बदललात तरी जुना फेकू नका.

कॉम्प्रेशन गेजच्या आकड्याने घाबरू नका. या इंजिनात सेल्फ मारताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी योजना आहे, त्यामुळे गेज नेहमीच कमी दाखवतो. प्लग लावून फ्लायव्हील नेहमीच्या उलट दिशेने हाताने झटकन फिरवा. ते दाबावर आपटून परत उसळलं तर रिंगा आणि व्हॉल्व्ह कामापुरते ठीक आहेत.

टाकी सगळ्यांत वेळखाऊ. पेट्रोल सडून त्याचा डांबरासारखा थर झाला असेल तर आधी तो काढा, पूर्ण धुऊन हवेत वाळवा, पेट्रोलचा वास उरता कामा नये. मग गंजासाठी बाजारातलं गंज विरघळवणारं पाणी भरून ठेवणं सोपं. लोखंडाच्या इतर भागांना मात्र मी विजेचा उपाय करतो: प्लॅस्टिकच्या टबात पाणी, गॅलनला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार आपल्या भागाला आणि धन तार भंगाराच्या लोखंडी पट्टीला. रात्रभरात गंज काळ्या मऊ गाळासारखा सुटतो. हे उघड्यावरच करायचं, कारण हायड्रोजन निघतो. धन बाजूला स्टेनलेस स्टीलची पट्टी कधीही लावायची नाही, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. अॅल्युमिनियमचा भाग त्या टबात घालायचा नाही, सोडा तो खातो.

पेट्रोलच्या नळ्या सगळ्या नव्या. इथल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला फुगवतं आणि दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं. बिनइथेनॉलचं मिळत असेल तर तेच घाला. कार्ब्युरेटर खोलून प्रत्येक बारीक भोकातून वारा मारा, नीडल-सीट आणि गॅस्केटचा संच बदला. पहिल्यांदा सुरू करण्यापुरते वरचा मुख्य स्क्रू दोन आणि बाजूचा स्लोचा स्क्रू दीड फेरा उघडा. बंद करताना स्क्रू आवळू नका, टोकाला कडं पडलं की तो कायमचा बिघडतो. खरं मिक्श्चर इंजिन गरम झाल्यावर कानाने लावायचं: मुख्य स्क्रू आत घेत जा, इंजिन रेस सोडू लागलं की तिथून थोडा बाहेर. या इंजिनाला किंचित जास्त पेट्रोल चालतं, कमी चालत नाही. रेस ३६०० फेऱ्यांच्या वर जाता कामा नये. रेस आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणून 'ताकद' काढणारे लोक रॉड विकणाऱ्यांचे लाडके गिऱ्हाईक असतात.

सेल्फ आणि डायनॅमो या ट्रॅक्टरवर एकच डबा आहे. सुरू करताना तो पट्ट्याने इंजिन फिरवतो, सुरू झाल्यावर इंजिन त्याला फिरवतं. चार्ज होत नसेल तर आधी पट्टा बघा, मग चार्जिंग सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचं अर्थिंग. रेग्युलेटर किंवा डबा बदललात तर डायनॅमोची ध्रुवता जागी करावी लागते: रेग्युलेटरवर बॅटरीच्या आणि जनरेटरच्या टोकांना तारेचा क्षणभर स्पर्श, एक ठिणगी, बस्स. हे न केल्याने चांगले रेग्युलेटर खराब ठरवून कचऱ्यात गेले आहेत.

पट्टा बदलायचा तर पुढचा पीटीओ क्लच सोडावा लागतो आणि तिथे भलेभले फसतात. त्याच्या पुलीत तीन बारीक भोकं आहेत, प्रत्येकात अॅलन कीचा एक स्क्रू दिसतो. तिन्ही काढले तरी क्लच निघत नाही, मग पुलर लागतो, मग हातोडी, मग बेअरिंग फुटतं. खरं म्हणजे प्रत्येक भोकात एकामागे एक असे दोन स्क्रू आहेत. वरचा काढा, भोक साफ करा, टॉर्च मारा, आतला चमकताना दिसेल. भोकात घाण असताना अॅलन की फिरवलीत तर कोपरे झिजतात आणि साध्या कामाचं लेथवरचं काम होतं.

इंजिनापासून मागे एक दांडा जातो आणि क्लच त्याच दांड्यावर बसलेला असतो. क्लच दाबल्यावर खडखड येत असेल तर बेअरिंग किंवा दांड्याच्या जोडांतल्या गुंडाळी पिना संपल्या आहेत; भोकं अंडाकृती झाली असतील तर नुसती नवी पिन टिकत नाही. गिअरपेटीचं तेल पुसट दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय: काढा, आणि इंटरनॅशनलचं हाय-ट्रान किंवा त्याच जातीचं तेल भरा. पेटी मूळची शेती ट्रॅक्टरची असल्याने ती सहसा आपल्याला पुरून उरते. स्टिअरिंग ढिलं असेल तर लगेच स्टिअरिंग बॉक्स आवळत बसू नका, आधी पुढच्या अॅक्सलची मधली पिन हलवून बघा, अर्धा ढिलेपणा तिथलाच असतो.

आता तुमचा सँडब्लास्ट. चासी, रिम, वजनं यांना जरूर करा, पूर्ण सुटी करून. इंजिन किंवा गिअरपेटी कितीही टेप लावून त्याच्यासमोर नेऊ नका. वाळूचा एक कण सीलमागे गेला की तो बेअरिंग शोधतोच. बॉनेटचा पत्राही नको, उष्णतेने आणि माराने तो लाटा मारतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणं टाळा, पाण्याने घासा आणि मुलांना लांब ठेवा. माझं विचाराल तर मूळ पिवळा-पांढरा रंग निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर धुऊन मेण लावा आणि सोडून द्या. पुन्हा रंगवता हवं तितक्यांदा येतं, कारखान्यातला रंग एकदाच लागतो.

खर्चाचा अंदाज. इंजिन मोकळं झालं आणि बोअर बरा निघाला तर बॅटरी, प्लग, पॉइंट, नळ्या, कार्ब्युरेटर संच, पट्टा, तेलं मिळून दीडशे-दोनशे डॉलर. बोअर, पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह असं पूर्ण इंजिन काम पाचशेच्या वर, मशीन शॉप महाग असेल तर हजाराकडे. चारही टायर घेतलेत तर तो वेगळा दणका. इंजिन उघडलंच तर आत बॅलन्स गिअर आहेत का बघा. के-२४१ आणि त्याहून मोठ्या काही इंजिनांत ते असतात; त्यांची बेअरिंग झिजली की गिअर फुटून ब्लॉक नेतो. बरेच जण ते काढून टाकतात, मीही. थोडी थरथर वाढते, ब्लॉक वाचतो.

दोन एकरांचं गवत तो आरामात कापेल. डेकचा, म्हणजे पाती असलेल्या खालच्या पत्र्याच्या झाकणाचा, शत्रू ओलं गवत. काम झालं की खरवडून काढा, पात्यांची बेअरिंग हाताने फिरवून ऐका, पात्याला धार लावल्यावर ते खिळ्यावर टांगून दोन्ही बाजू समतोल आहेत का बघा. मागच्या टायरमध्ये पूर्वीच्या मालकाने वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलं असेल तर ते काढून टाका, रिम आतून खातं. थंडीआधी टाकी आणि कार्ब्युरेटर कोरडे करा, बॅटरी घरात आणा. आणि एक गोष्ट कडक शब्दांत: सीटवरून उठलं की पातं थांबवणारी सोय आजच्या यंत्रांत असते, या वयाच्या यंत्रात नाही. उलटला तर वाचवणारी चौकटही नाही. उतारावर आडवा चालवायचा नाही, उतरायच्या आधी पीटीओ सोडायचा, आणि नातवंडं असोत की शेजारची पोरं, मांडीवर बसवून एकही फेरी नाही.

सांगलीकडचे आहात म्हणून शेवटचं. गवत कापणं हे या ट्रॅक्टरचं अर्धंच काम. मागच्या हिचला (अवजार जोडायच्या जागेला) ब्रिन्ली कंपनीचा एक फाळाचा दहा इंची नांगर लागतो आणि असे नांगर इकडच्या लिलावांत अजून मिळतात. दर वर्षी ऑगस्टमध्ये तुमच्या राज्याच्या सीमेलगत, इंडियानातल्या पोर्टलंडला जुन्या इंजिनांचं आणि ट्रॅक्टरांचं मोठं प्रदर्शन भरतं. सुटे भाग, नांगर आणि सल्ला तिन्ही तिथे मिळतात. नांगर घेतलात तर मागे दातेरी टायर आणि लोखंडी वजनं घाला. पहिलं तास (नांगराची चर) उथळ मारा. दुसऱ्या तासापासून उजवं चाक आधीच्या तासात उतरतं आणि ट्रॅक्टर कलतो. नांगराची पातळी त्या कललेल्या अवस्थेत लावायची, सपाट अंगणात लावलेली चालत नाही. खोली सहा इंचांपर्यंत, पहिल्या गिअरमध्ये. आणि प्रत्येक तासाच्या शेवटी वळताना नांगर उचलल्याशिवाय चाक फिरवू नका, हिचची पिन वाकते.